खरं असावं, पण आड येऊ नये

युद्धकाळातली हेरगिरी आणि तिच्या पोटात एक प्रेमकथा, असा सिनेमा बघून बाहेर पडलेली माणसं एक प्रश्न एकमेकांना हमखास विचारतात : ‘पण तिचं त्याच्यावर खरंच प्रेम होतं का?’ तिनं कुठली माहिती चोरली, त्या माहितीनं किती जीव वाचले, किती गेले, हे सगळं मागे पडतं. निकाल या एका प्रश्नावर लागतो. प्रेम खरं असेल तर फसवणूक माफ. नसेल तर बाई दगडाच्या काळजाची. ‘बाई’ मुद्दाम म्हटलं, कारण हा प्रश्न बहुतेक वेळा बाईच्याच बाबतीत विचारला जातो.

वरवर पाहता प्रश्न निरागस आहे. प्रेमकथेत प्रेम खरं होतं का, हे नाही विचारायचं तर काय विचारायचं? पण आपण तो कशासाठी विचारतो आणि मिळालेल्या उत्तराचं पुढे काय करतो, हे तपासू लागलं की आपल्या नीतिकल्पनेतली एक सोयीस्कर जागा उघडी पडते.

जवळचं उदाहरण घेऊ. मेघना गुलजारचा ‘राझी’ २०१८ च्या मे महिन्यात आला आणि खूप चालला. हरिंदर सिक्का यांच्या ‘कॉलिंग सेहमत’ या कादंबरीवर तो बेतलेला आहे. १९७१ च्या युद्धाआधीचे दिवस. काश्मीरमधली कॉलेजात शिकणारी सेहमत पाकिस्तानी लष्करातल्या एका ब्रिगेडियरच्या घरी सून म्हणून जाते, ती हेरगिरीसाठीच. नवरा इक्बाल हाही लष्करी अधिकारी, आणि स्वभावानं सभ्य, समजूतदार. लग्न झाल्यावरही तो तिच्यावर हक्क गाजवत नाही, तिला वेळ देतो. जाऊ तिला जीव लावते. या घरात राहून सेहमत निरोप पाठवते, संशय आलेल्या जुन्या नोकराला जीपखाली चिरडते, दिराला विषानं मारते. शेवटी इक्बालही मरतो, भारतीय हेरखात्याच्या माणसांनी टाकलेल्या हातबॉम्बनं. आणि एवढं होऊनही प्रेक्षक सेहमतसाठी रडतात.

का रडतात? देशासाठी केलं म्हणून, हे अर्धंच उत्तर झालं. कल्पना करा, ही सगळी कृत्यं सेहमतनं तशीच्या तशी केली, पण इक्बालवर तिचा जीव जडलाच नाही. रात्री शेजारी झोपलेल्या माणसाकडे ती हातातल्या कामाचा एक भाग म्हणून बघते, आणि परत आल्यावर शांतपणे जेवून झोपते. वाचलेली जहाजं तेवढीच, वाचलेले खलाशी तेवढेच, मेलेली माणसंही तेवढीच. त्या सेहमतसाठी किती डोळे ओले झाले असते? आपण तिला सलाम ठोकला असता, पण जवळ केलं नसतं. सेहमत आपल्याला आपली वाटते ती तिच्या काळजाचे तुकडे होताना दिसतात म्हणून. म्हणजे तिच्या कृत्यांची किंमत तिच्या प्रेमानं चुकती केली, असा हिशेब आपण मनातल्या मनात मांडलेला असतो.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. आंग ली यांचा ‘लस्ट, कॉशन’ हा २००७ चा सिनेमा आयलीन चँग यांच्या कथेवर आहे. काळ चीनवरच्या जपानी आक्रमणाचा. नाटकात काम करणारी काही कॉलेजची मुलं-मुली देशप्रेमाच्या भरात ठरवतात की जपान्यांना सामील झालेल्या यी नावाच्या अधिकाऱ्याला संपवायचं. त्याला जाळ्यात ओढण्याचं काम वाँग ज्याझीकडे येतं. व्यापाऱ्याची बायको असल्याचं नाटक वठवायचं, तर तिला संसाराचा अनुभव हवा. म्हणून गटातल्याच एका मुलाबरोबर तिला झोपावं लागतं. कारण काय, तर त्या गटात बाईचा अनुभव असलेला तो एकटाच. पुढे शांघायमध्ये ती यीची प्रेयसी होते. सराफाच्या दुकानात यी तिच्यासाठी घडवलेली हिऱ्याची अंगठी तिच्या बोटात घालतो, बाहेर मारेकरी टपलेले असतात, आणि त्या क्षणी ती त्याला हलक्या आवाजात निघून जायला सांगते. तो पळतो. त्याच रात्री ती आणि तिचे सगळे साथीदार यीच्या सहीनं गोळ्या घालून मारले जातात.

वाँगचं प्रेम खरं होतं का? नेहमीच्या प्रश्नाला इथे एवढं ठसठशीत उत्तर मिळतं की त्याहून मोठा पुरावा कुणी मागू नये. तिनं त्यापायी जीव दिला. नियमानं तिला तर सर्वांत आधी माफी मिळायला हवी. झालं उलटंच. चीनमध्ये सिनेमावर देशद्रोहाचं उदात्तीकरण केल्याचा आरोप झाला. मार्च २००८ मध्ये, वाँगचं काम करणाऱ्या थांग वेइच्या जाहिराती दाखवू नयेत असा आदेश तिथल्या वाहिन्यांना मिळाल्याच्या बातम्या आल्या, तिची एक जाहिरात पडद्यावरून उतरली आणि पुढचा काही काळ ती चिनी पडद्यावरून दिसेनाशी झाली. यीचं, म्हणजे प्रत्यक्ष देशद्रोह्याचं काम करणाऱ्या टोनी ल्युंगचा ‘रेड क्लिफ’ मात्र त्याच वर्षीच्या जुलैत चीनमध्ये थाटात प्रदर्शित झाला. पात्राचा गुन्हा नटीच्या माथी मारणं हा प्रकार मराठी नाटकवाल्यांनाही नवा नाही, पण इथे दोन पात्रांपैकी कुणाचा गुन्हा नटाला चिकटला हे बघण्यासारखं आहे.

या कथेमागे झेंग पिंगरू या खऱ्या स्त्रीची सावली आहे असं मानलं जातं. जपानी आई आणि चिनी वडील यांची ही मुलगी. दिंग मोत्सुन या जपानधार्जिण्या गुप्तहेरप्रमुखाला १९३९ च्या डिसेंबरात शांघायच्या एका फरच्या दुकानात आणून मारण्याचा कट तिनं केला. तो फसला आणि १९४० मध्ये तिला गोळ्या घालण्यात आल्या. सिनेमा आल्यावर तिच्या कुटुंबीयांनी जाहीर आक्षेप घेतला. त्यांचं दुःख समजण्यासारखं आहे. त्यांच्या घरची मुलगी डगमगली नव्हती, आणि आता जग तिला डगमगलेली म्हणून ओळखणार होतं. पण ‘डगमगली’ या शब्दातच आपला निकाल दडलेला आहे. सेहमतचं प्रेम ही तिची शोभा, आणि वाँगचं प्रेम ही तिची दुर्बलता.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की प्रेक्षकाचा खरा नियम दिसतो. हेरानं प्रेम करावं, ते खरंही असावं. पण त्या प्रेमामुळे कामात तसूभर फरक पडू नये. आधी आणि नंतर हवे तेवढे अश्रू चालतील. ऐन वेळी हात थरथरला तरी चालेल, मात्र बंदुकीची गोळी ठरल्या जागीच लागली पाहिजे. प्रेम खरं असावं, पण आड येऊ नये.

हा नियम वाटतो तितका साधा नाही. एखाद्या माणसावर प्रेम आहे, याचा एक अर्थ असा की त्याचं भलंबुरं हे आपल्या वागण्याचं एक कारण होतं. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे, पण त्यामुळे मी काहीही वेगळं करणार नाही’ असं कुणी आपल्याला म्हटलं, तर त्याला आपण प्रेम म्हणू का? तरी हेराकडून आपण नेमकं हेच मागतो. प्रेमानं तिला निर्मळ करावं, एवढीच आपली त्याच्याकडून अपेक्षा असते. ते कारण म्हणून पुढे आलं की आपण त्याला फितुरी म्हणतो.

पुरुष हेराची गोष्ट आणखी निराळी. जेम्स बाँड शत्रूपक्षातल्या किती बायकांबरोबर झोपला आणि त्यातल्या कितींवर त्याचं खरं प्रेम होतं, हे मोजायला कुणी बसत नाही. पण बाँडपर्यंत जायचीही गरज नाही. मराठी रंगभूमीवर १९१३ सालीच शत्रूच्या गोटातली एक प्रेमकथा गाजली होती : कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘विद्याहरण’. नावातच चोरी आहे. महाभारताच्या आदिपर्वातली मूळ कथा आठवा. देव आणि दानव यांचं युद्ध पेटलेलं. मेलेल्यांना उठवणारी संजीवनी विद्या दानवांच्या गुरूकडे, शुक्राचार्यांकडे. देव बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, तिकडे पाठवतात, आणि पाठवताना बजावून सांगतात की शुक्राचार्यांबरोबर त्यांच्या लाडक्या मुलीलाही प्रसन्न कर. कच जातो. आपण कुणाचे कोण हे तो लपवत नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. पण गाऊन, नाचून, फुलंफळं आणून तो देवयानीला जिंकतो, ते सांगितलेलं काम म्हणून. दानव त्याला तीनदा मारतात, तीनदा तो देवयानीच्या हट्टामुळे जिवंत होतो. तिसऱ्या वेळी तर शुक्राचार्यांच्या पोटातून बाहेर येण्यासाठी त्याला ती विद्याच शिकवावी लागते. मोहीम फत्ते. देवयानी लग्नाचं विचारते तेव्हा तो म्हणतो, मी तुझ्या वडिलांच्या पोटातून आलो, म्हणजे तू माझी बहीण.

आपल्या परंपरेनं या दोघांचा निवाडा कसा केला? कच संयमी, कर्तव्यदक्ष. देवयानी हट्टी, मानी, शीघ्रकोपी. खांडेकरांच्या ‘ययाति’पर्यंत कच आदराच्याच आसनावर बसलेला आहे. देवयानीनं शाप दिला, तो सगळ्यांच्या लक्षात राहिला. तो देण्याआधी तिला काय कळलं होतं, याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. एवढी वर्षं मिळालेली फुलं आपल्यासाठी नव्हती, एका विद्येसाठी होती, हे तिला एका वाक्यात कळलं. सेहमतनं प्रेम केलं नसतं तर ती निर्दय ठरली असती. कचानं केलं नाही तर तो जितेंद्रिय ठरला. काम मात्र दोघांचं एकाच जातीचं.

या साऱ्या निवाड्यांत एक माणूस गैरहजर असतो. ज्याला फसवलं तो. आपण प्रेक्षक न्यायाधीश असतो असं म्हणायचं, पण आपली खुर्ची ठेवलेली असते आरोपीच्या बाकावर, त्याच्या शेजारी. कॅमेरा सेहमतबरोबर न्हाणीघरात जातो, तिचं एकट्यानं रडणं आपल्याला दाखवतो. तिचं आतलं खरं आपल्याला ठाऊक असतं. इक्बालला त्यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला दिसते ती बंदूक रोखून उभी राहिलेली बायको.

कॅमेरा पलीकडच्या बाजूला ठेवला तर काय होतं, हे रॉबर्ट झेमेकिसच्या ‘अलाइड’मध्ये (२०१६) दिसतं. सिनेमा म्हणून तो मधल्यामध्येच राहतो, पण त्यातली एक जागा सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या एका मोहिमेत भेटलेल्या मारिआनशी मॅक्स लग्न करतो, लंडनमध्ये संसार थाटतो, मुलगी होते. मग वरिष्ठ सांगतात की तुझी बायको जर्मनांची हेर असल्याचा संशय आहे, आणि तसं सिद्ध झालं तर गोळी तूच घालायचीस. मॅक्सला शोधाशोध करताना कळतं की खरी मारिआन पियानो वाजवायची. तो बायकोला पियानोपुढे बसवतो आणि म्हणतो, वाजव. ती वाजवू शकत नाही. तिचं प्रेम तर खरंच असतं. मुलीच्या जिवाच्या भीतीनं ती जर्मनांचं काम करत असते. पण त्या पियानोपुढे, मॅक्सच्या बाजूनं बघताना, ‘प्रेम खरं होतं’ या उत्तरानं काहीच शांत होत नाही. उलट अधिकच अवघड होऊन बसतं. सगळं खोटं असतं तर माणूस शिवी घालून मोकळा झाला असता. आता कोणती संध्याकाळ खरी आणि कोणती बेतलेली, हे निवडत उरलेलं आयुष्य काढायचं.

कुणी म्हणेल, सिनेमा आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. म्हणून दोन प्रसंग पडद्याबाहेरचे. शीतयुद्धाच्या काळात बॉनमध्ये, पश्चिम जर्मनीच्या परराष्ट्र मंत्रालयात, लिओनोर झ्युटर्लिन ही सेक्रेटरी कामाला होती. नवरा हाइन्त्स हा सोव्हिएत हेर. ती कार्यालयातले कागद आणायची, तो त्यांचे फोटो काढायचा. १९६७ मध्ये दोघं पकडले गेले. तुरुंगात तिला कळलं की नवऱ्यानं आपल्याशी लग्न केलं तेच मुळी वरून आलेल्या हुकमानं. तिनं कोठडीत गळफास घेतला. पकडलं गेल्याचं, शिक्षेचं भय तिच्यापुढे आधीही होतंच. जीव गेला तो ही एक गोष्ट कळल्यानंतर. पूर्व जर्मनीच्या हेरखात्यानं तर अशा ‘रोमिओं’ची पद्धतच बसवली. बॉनमधल्या एकट्या राहणाऱ्या सेक्रेटरी हेरायच्या, देखणा, अदबशीर पुरुष पाठवायचा.

दुसरा प्रसंग अलीकडचा आणि लोकशाही देशातला. ब्रिटनमध्ये आंदोलकांच्या गटांत खोट्या नावांनी घुसलेल्या पोलिसांनी तिथल्या स्त्रियांशी संबंध ठेवले. काही संबंध वर्षानुवर्षं टिकले. लंडनच्या पोलिसांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये अशा सात स्त्रियांची जाहीर माफी मागितली आणि हे वागणं मानवी हक्कांचा भंग करणारं होतं हे मान्य केलं. अशा वेळी कुणी ‘त्या पोलिसाचं प्रेम मात्र खरं होतं’ असं सांगू लागलं, तर आपल्याला संतापच येईल. आपण म्हणू, तो प्रश्नच नाही. तिच्या आयुष्यात कोण आहे हे जाणण्याचा तिचा हक्क होता, आणि तो हिरावला गेला. मग सिनेमागृहात शिरताना हे शहाणपण आपण कुठे ठेवून जातो?

याला एक रास्त उत्तर आहे आणि ते डावलता येणार नाही. युद्ध आणि आंदोलन यांत फरक आहे. नाझींच्या विरुद्ध कुणाला तरी उभं राहणं भाग होतं, आणि त्यांच्याशी खरं बोलून ते शक्य नव्हतं. बुडणारं जहाज वाचवण्यासाठी एका माणसाला फसवावं लागलं, तर फसवणाऱ्याला दोष देणं सोपं आहे, त्याच्या जागी बसणं कठीण. हे मला मान्य आहे. कुठली बाजू न्याय्य होती याला अर्थ आहे. दोन्हीकडचे सगळे सारखेच, असं म्हणणं हा आळशीपणा ठरेल. ‘राझी’नं ही अडचण एका गाण्यातून फार नेमकी पकडली आहे. ‘ऐ वतन’ तिथे पाकिस्तानी शाळकरी मुलं म्हणतात, आणि सेहमतही त्यांच्याबरोबर म्हणते. शब्द तेच, देश दोन. भारतातल्या थिएटरात त्या गाण्यावर अंगावर काटा आला, तेव्हा पडद्यावरच्या मुलांचं वतन वेगळं आहे हे किती जणांच्या लक्षात होतं?

पण एखादी गोष्ट करणं योग्य होतं, याचा अर्थ ती केल्यावर काही देणं उरलं नाही, असा होत नाही. या दोन गोष्टींची आपण नेहमी गल्लत करतो. बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञानं लिहिलेलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे : एका ट्रकचालकाच्या हातून, त्याची काही चूक नसताना, एक मूल गाडीखाली येतं. लोक त्याला समजावतात, तुझा दोष नाही. ते बरोबरच असतं. पण तो जर लगेच ‘हो, खरंच की’ म्हणून शीळ घालत निघाला, तर आपल्याला तो माणूस विचित्र वाटेल. दोष नसतानाही त्या मुलाशी त्याचं एक नातं जडलेलं असतं. सेहमतच्या बाबतीत तर अपघातही नाही, तिनं सगळं जाणूनबुजून केलं. तिचं समर्थन करता येईल, पण तिला निर्दोष म्हणण्याची घाई कशाला? ‘प्रेम खरं होतं’ हे म्हणणं त्या घाईतूनच येतं. समर्थन करून आपलं भागत नाही. आपल्याला पाटी कोरी हवी असते.

चांगले सिनेमे ही पाटी कोरी करू देत नाहीत. हिचकॉकचा १९४६ चा ‘नटोरिअस’ पाहा. शिक्षा झालेल्या जर्मन हेराची मुलगी ॲलिशिया. तिला अमेरिकी हेरखातं रिओला नेऊन नाझींच्या कंपूतल्या सेबॅस्टियनच्या गळ्यात बांधतं. तिच्यावर प्रेम करणारा डेव्हलिन हाच तिचा वरिष्ठ. ती वाट बघते, हा ‘जाऊ नकोस’ म्हणेल; तो वाट बघतो, ही ‘जाणार नाही’ म्हणेल. देशाच्या कामाआड दोघं आपापला मान जपतात आणि ती दुसऱ्याची बायको होते. सेबॅस्टियन नाझी आहे, पुढे बायकोला कॉफीतून विषही देतो. तरी मनातलं प्रेम तो उघड बोलून दाखवतो. शेवटी डेव्हलिन ॲलिशियाला घेऊन गाडीत बसतो, गाडीचं दार आतून लावून घेतो. मागे त्याचे साथीदार सेबॅस्टियनला हाक मारतात. तो पायऱ्या चढून घरात जातो, मरायलाच, आणि दार बंद होतं. प्रेमिकांची सुटका झाली आणि हिचकॉकनं शेवटचं दृश्य दिलं ते फसवल्या गेलेल्या माणसाला. नाझी असूनही. त्याचा गुन्हा त्यानं कमी केलेला नाही. फक्त त्याच्याकडे पाठ करून आपल्याला घरी जाऊ दिलेलं नाही.

‘राझी’ही शेवटी तिथेच येतो. परत आलेली सेहमत आपल्या प्रशिक्षकावर चिडते, आणि सिनेमा संपतो तो एकट्या बसलेल्या म्हाताऱ्या सेहमतवर. माफी मागायला समोर माणूसच उरलेला नाही, अशा अवस्थेत ती बसली आहे. आपण तिच्यासाठी रडतो ते ठीकच आहे. पण ती स्वतः कुणासाठी रडत असेल? तिला जर कुणी विचारलं असतं की इक्बालवर तुझं खरंच प्रेम होतं का, तर माझी अशी समजूत आहे की तिनं उत्तर दिलं नसतं. त्या उत्तराचा उपयोग फक्त आपल्याला आहे. तिचा हिशेब इक्बालशी आहे, आणि त्यात आपल्या माफीचं चलन चालत नाही.